डोळे मिटून, एका पायावर

"मिटले का डोळे?"

"मिटले."

"मग उचला पाय."

भरतेशनी उजवा पाय उचलला, हातांची घडी घातली आणि डाव्या पायावर उभे राहिले. मी मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं. फरशीवर लाल चिकटपट्टीची मोठी चांदणी होती आणि ते तिच्या मधोमध उभे होते. चटईवर पालथी पडलेली चंदना त्या पट्टीचं एक टोक नखानं उकलू बघत होती. माझा एक डोळा घड्याळावर, एक तिच्यावर.

"शेजारच्या काकू खिडकीतनं बघत असतील," डोळे मिटूनच ते म्हणाले. "म्हणतील, मास्तरलाच घरी शिक्षा आहे."

"बोलू नका. तोल जाईल."

पाय टेकला. त्यांनी डोळे उघडले. "किती?"

"एकोणीस सेकंद."

"म्हणजे पास का नापास?"

"तुमच्या वयाला चांगले आहेत म्हणे."

"मग लिही की. ठळक लिही."

मी तक्त्यात पहिल्या चौकटीत एकोणीस लिहिलं. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, तेव्हाची ही गोष्ट.

तो तक्ता त्रिशलाचा. त्रिशला माझी नणंद, भरतेशची पाठची बहीण. आमच्या जयसिंगपूरपासून तासाभरावरच्या कॉलेजात ती फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होती आणि शेवटच्या वर्षाला तिला प्रबंध करायचा होता. निरोगी तरुण माणसांनी घरच्या घरी रोज वीस मिनिटं तोलाचे व्यायाम केले तर त्यांचा तोल सुधारतो का, हा तिचा विषय. अठरा ते पस्तीस वयाची तीस माणसं हवी होती. कुठलाही आजार नको, चक्कर नको, पाय मोडलेला नको. चांदणीच्या मध्यावर उभं राहून आठही दिशांना पाय लांबवायचा, पायाला पाय लावून रेघेवरून चालायचं, उशीवर उभं राहायचं आणि शेवटी डोळे मिटून एका पायावर. तीनदा उभं राहायचं, त्यातला सगळ्यांत जास्त वेळ लिहायचा. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. शेवटी कॉलेजात नेऊन मॅडमसमोर मोजणी.

दोघेजण मधेच सोडून गेले होते. एक बदली माणूस मिळाला, दुसरा मिळेना, म्हणून तिसावा माणूस तिचा दादा. आदल्या वर्षी काविळीनं तिची एक टर्म बुडाली होती. आता माणूस कमी पडला तर आणखी सहा महिने जातील, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. जुलैत एका हॉस्पिटलात नोकरी ठरत होती, तीही जाणार.

"दादा टाळाटाळ करणार, वहिनी," ती मला म्हणाली होती. "तूच त्याच्या मागं लाग. तुझ्याइतकं बारीक लक्ष कुणाचंच नसतं."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं. चंदना एक किलो आठशे ग्रॅमची जन्मली होती. तेव्हापासून माझ्याकडे वह्या होत्या. दूध किती वाजता, किती मिनिटं, दिवसात किती दुपटी ओली, काखेतला ताप किती. भरतेश त्याला जनगणना म्हणायचे. "आज लोकसंख्या वाढली का?" शाळेतून आल्या आल्या विचारायचे आणि बूट काढायचे. ते जवळच्या गावात हायस्कूलला चित्रकला शिकवत. मोटरसायकलनं बारा किलोमीटर जाणं, बारा येणं. दिवस मावळायच्या आत जेवण, ही आमच्या जैन घरातली रीतच, त्यामुळे साडेसातला पोट हलकं झालेलं असायचं आणि आम्ही व्यायामाला लागायचो.

पहिला आठवडा छान गेला. एकोणीस, वीस, वीस, बावीस, तेवीस. तक्त्याखाली आलेखाचा चौकोनी कागद होता, त्यावर मी टिंबं जोडत होते. रेघ वर चालली होती. किती दिवसांनी मी बाळाशिवाय दुसरं काही मोजत होते.

पंचवीस जानेवारीला चतुर्दशी होती. त्या दिवशी भरतेशचं एकाशन असे, दुपारी एकदाच जेवायचं. त्यात दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणून दिवसभर स्टुलावर उभं राहून शाळेचा दर्शनी फळा रंगवून आले होते. संध्याकाळी डोळे मिटून उभे राहिले आणि सतराला पाय टेकला. पुन्हा उभे राहिले. पंधरा. तिसऱ्यांदा सोळा.

"किती झाले?"

"हे धरायचे नाहीत," मी म्हटलं. "उपाशी पोटी कुणाचा तोल राहणार? दिवसभर स्टुलावर उभे."

आणि मी तेवीस लिहिलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगते. मी बी.एस्सी. फिजिक्सची. आमच्या प्रयोगशाळेत लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर काय यायला पाहिजे, ते आधीच ठाऊक असायचं. आपलं आलं नाही तर आपण चुकलो. मग उत्तरावरून मागं येत रीडिंगं नीट करायची. सगळा वर्ग करायचा. सर सही करताना फक्त विचारायचे, "आलेख सरळ आलाय ना?" माझा नेहमी सरळ यायचा. प्रॅक्टिकलला मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते.

पुढच्या दिवशी पोटभर जेवूनही अठरा झाले. मग सोळा. मी त्यांना चोवीस सांगितलं, चोवीसच लिहिलं, मग पुन्हा चोवीस, म्हणजे फार चढतं दिसायला नको.

सकाळी त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. उठल्या उठल्या एक-दोनदा उलटी झाली आणि लगेच बरं वाटलं. "पित्त आहे," ते म्हणाले. "पित्तच," मी म्हटलं. आमच्या घरात आलं शिजत नाही, म्हणून मी सुंठ-साखर दिली. दहा वाजेपर्यंत ते ठीक होऊन शाळेत गेले. त्या दिवशी चंदनाला ताप होता. मी तासातासाला लिहिला. एकशे दोन, एकशे एक, नव्याण्णव.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी फाटकाशी आवाज झाला म्हणून मी बाहेर आले, तर मोटरसायकल आडवी आणि भरतेश तिच्या शेजारी बसलेले. गुडघ्याला खरचटलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही गं. पाय टेकवला तर वाळू होती खाली."

वाळू होती, हे खरं. शेजारी बांधकाम चाललं होतं.

"चप्पल गुळगुळीत झालीय तुमची," मी म्हटलं. "नवी घ्या. आणि चंदनाला काही दिवस गाडीवर पुढं घेऊ नका."

"बरं."

तुम्ही गाडी चालवू नका, असं मी म्हटलं नाही. माझ्या मनातही आलं नाही. मी फक्त पोरीला गाडीवरून उतरवलं.

रविवारी त्रिशलाचा फोन आला. चंदना कडेवर होती म्हणून मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. तक्त्याचा फोटो मी तिला दर रविवारी पाठवत होते.

"वहिनी, दादाचा आलेख सगळ्यांत सुरेख येतोय. मॅडमना दाखवला. म्हणाल्या, बघा, घरच्यांनी लक्ष घातलं की असं होतं."

"तुझ्या वहिनीनं छळ मांडलाय," भरतेश लांबून म्हणाले.

"छळ घे सोसून. अजून तीनच आठवडे. आणि दादा, त्या पोरांना पण शिकव की एका पायावर उभं राहायला."

"त्यांना येतं. रोज वर्गाबाहेर उभेच असतात."

ती हसली, आम्हीही हसलो. त्या संध्याकाळी ते अकरा सेकंद उभे राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती?"

"सव्वीस," मी म्हटलं.

"वा," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

असं रोज व्हायला लागलं. दहा झाले, मी सत्तावीस म्हटलं. आठ झाले, अठ्ठावीस. आता थांबणं अवघड होतं. खरा आकडा लिहिला तर आलेख कड्यावरून पडल्यासारखा दिसला असता, आणि आधीचे आकडे कुणी लिहिले, हे विचारलं गेलं असतं. त्रिशलाचा सगळा प्रबंधच माझ्यामुळं संशयात आला असता. आणि त्याहूनही एक गोष्ट होती. टिंब वर लावलं की मला बरं वाटायचं. कागदावर त्यांची तब्येत सुधारत होती.

पाचव्या आठवड्यात एकदा त्यांनी पाय उचलला आणि लगेच बाजूच्या खुर्चीची पाठ पकडली. खुर्ची सरकली, चंदना दचकून रडायला लागली. मी आधी तिला उचललं.

"आजच्या दिवस राहू दे का?" ते म्हणाले. "थकलोय."

"दहाच दिवस राहिलेत. तिचं वर्ष जाईल हो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली आणि परत चांदणीच्या मध्यावर येऊन उभे राहिले. "लाव घड्याळ," म्हणाले.

सहा.

"एकोणतीस," मी म्हटलं.

सहावा आठवडा संपल्यावर शनिवारी आम्ही बसनं कॉलेजात गेलो. गाडी त्यांनी आपणहून घेतली नाही. "बाळ आहे बरोबर," म्हणाले. त्रिशला फाटकातच उभी होती. तिनं चंदनाचा गालगुच्चा घेतला, माझ्या हातातून तक्ता घेतला आणि नुसता बघूनच खूश झाली. "शेवटचे एकतीस? दादा, तू तर सर्कशीत जा."

तिच्या मॅडम, चौगुले मॅडम, पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, हसतमुख. मोठ्या खोलीत पट्टी चिकटवलेली फरशी आणि एक उंच पलंग होता. मी चंदनाला घेऊन भिंतीशी बसले.

"या, भरतेश. तुमचं नाव फार ऐकलंय. डोळे मिटा, पाय उचला. मी आहे शेजारी, घाबरू नका."

पाय उचलला न उचलला, टेकला.

"परत करू. सवयीची जागा नाही ना."

दोन सेकंद.

"परत."

या वेळी त्या त्यांच्या कोपराला धरूनच होत्या, तरी ते डाव्या बाजूला झुकले. मॅडमनी तक्ता उचलून बघितला. मग खाली ठेवला. आवाज तसाच ठेवून म्हणाल्या, "बरं, हे माझं बोट बघा. त्याला तुमचं बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला लावा. हं, पटपट."

उजवं बोट नाकावर गेलं. डावं गालाला लागलं. पुन्हा केलं, तर डोळ्याखाली. भरतेश स्वतःशीच हसले.

"आता या रेघेवरून चाला. पायाला पाय लावून."

तिसऱ्या पावलाला ते रेघेबाहेर गेले.

"त्रिशला," मॅडम म्हणाल्या, "त्यांना पंख्याखाली बसव. पाणी दे." आणि मोबाइल घेऊन बाहेर गेल्या. जाताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं.

त्रिशलानं मला व्हरांड्यात बोलावलं. तिच्या हातात तक्ता होता.

"वहिनी, काल किती झाले?"

"एकतीस."

"खरे किती झाले?"

चंदना त्रिशलाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं झेपावत होती. तिनं ते काढून तिच्या हातात दिलं.

"चार," मी म्हटलं.

"परवा?"

"पाच."

"कधीपासून असं?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. चतुर्दशी होती गं, मला वाटलं, उपवासामुळं..."

"माझ्यासाठी लिहिलेस?"

"तुझं वर्ष जाईल म्हणून."

तिनं तक्ता उलटा केला, मागची बाजू कोरी होती, ती बघत राहिली. मग परत सुलटा केला.

"गेलं असतं तर जाऊ द्यायचं की गं," ती म्हणाली. इतक्या हळू, की मी तिच्याकडं बघितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी बघितलं. मॅडमनी शब्द टाकला होता. लहान खोली, टेबलावर हातोडीसारखं रबरी टोकाचं काही तरी. त्यांनी भरतेशना उठवलं, बसवलं, डोळ्यांत उजेड टाकला. मग खुर्चीवर बसून कागद ओढला.

"हा त्रास कधीपासून आहे? अंदाजे सांगितलं तरी चालेल."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, मला अजून माहीत नाही.

"पंचवीस जानेवारी," भरतेश म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं. "इतकं नेमकं?"

"त्याच्या आधी तेवीस होत होते. त्या दिवशी सतरा झाले. मग अठरा. मग सोळा. फेब्रुवारी लागला तेव्हा चौदा, तेरा. पहिल्या रविवारी अकरा. दहा, आठ, आठ. एकदा सहा. कालचे चार. आजचे दोन."

हजेरी घ्यावी तसे ते एका सुरात म्हणत गेले. डॉक्टर लिहून घेत होते. त्रिशला दारात उभी होती, तिनं चौकटीला हात लावला. माझ्या मांडीवर चंदना झोपली होती, तिचं डोकं घामानं ओलं झालं होतं, आणि मी ते पदरानं पुसत राहिले, कोरडं झालं तरी पुसत राहिले.

सगळे आकडे बरोबर होते. एकही चुकला नव्हता.

स्कॅनसाठी नंबर लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "तुम्ही मोजत होता?"

"डोळे मिटून उभ्या माणसाला दुसरा उद्योग काय?"

"मग मी सत्तावीस म्हटलं तेव्हा..."

"तेव्हा दहा झाले होते."

"बोलला का नाहीत मला?"

ते समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होते. त्यातल्या बाईचा हात नीट काढला नव्हता, असलं काही ते एरवी बोलले असते.

"पहिले काही दिवस वाटलं, माझंच मोजणं हळू होतंय," ते म्हणाले. "तू इतक्या ठामपणानं सांगायचीस. घड्याळ तुझ्या हातात. म्हटलं, घड्याळ कशाला चुकेल."

"आणि मग?"

"मग गाडी पडली तेव्हा कळलं."

"तेव्हा तरी..."

"तेव्हा म्हटलं, हिला दिसत नाहीये तर कशाला दाखवा. तू आधीच किती भितेस, विभा." त्यांनी चंदनाच्या पायातला निसटता मोजा वर ओढला. डाव्या हातानं ओढायला गेले, जमलं नाही, मग उजव्यानं ओढला. "आणि मलाही ते आकडे ऐकायला आवडायचे. सव्वीस, सत्तावीस. आत जाऊन पाणी पिताना मी ते परत एकदा म्हणायचो."

लहान मेंदूत गाठ होती. पंधरवड्यानं पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ सगळी काढता आली नाही. त्यानंतर भरतेश अकरा महिने होते. चंदना आता आठवीत आहे, तिला वडील फोटोतलेच ठाऊक. त्रिशलाचा प्रबंध एकोणतीस माणसांवर मान्य झाला. एक माणूस कमी असला तरी चालतं, हे मॅडमना पहिल्यापासून माहीत होतं. आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मला मात्र पुण्यातली ती एक संध्याकाळ सांगायची आहे, ऑपरेशननंतरची. सर्जननी घरच्यांपैकी एकाला बोलावलं होतं. सासूबाई गावी, सासरे नाहीत. मीच जायला हवं होतं. मी उठले नाही.

"मी जाते," त्रिशला म्हणाली.

"जा. आणि त्यांना एक विचार." मी चंदनाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पंचवीस जानेवारीला आणलं असतं तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "विचारायचं?"

"विचार."

"वहिनी, नक्की?"

"मी बाहेर थांबते. तू विचार आणि मला सांग."

ती आत गेली. दाराला काच होती, दुधी. आत दोन आकृत्या दिसत होत्या, एक बसलेली, एक उभी. मग उभी होती ती बसली. बराच वेळ दोन्ही हलल्या नाहीत. व्हरांड्यातली एक आजी मला पोरीचं नाव विचारत होती, मी सांगितलं, कितवा महिना विचारलं, तेही सांगितलं.

दार उघडलं. त्रिशलाचा चेहरा धुतल्यासारखा होता, पण आत बेसिन नव्हतं, मी नंतर बघितलं. ती सरळ माझ्याकडं आली आणि तिनं चंदनाला माझ्याकडून घेतलं.

"काय म्हणाले?"

"रक्त उद्या चढवणार आहेत. एक बाटली लागेल."

"आणि ते?"

तिनं चंदनाची टोपी सरळ केली. तिचे बंद बांधले. ते आधीच बांधलेले होते, तिनं सोडून परत बांधले.

"विचारलंस ना तू?" मी म्हटलं.

"हो."

"मग?"

खिडकीतून पलीकडच्या इमारतीवर ऊन दिसत होतं, सगळ्यांत वरच्या मजल्यावर तेवढं उरलं होतं.

"डबा उघडला नाहीस अजून," त्रिशला म्हणाली. "दिवस मावळायला आला. जेवून घे आधी."

त्यानंतर ते मी तिला कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी बाकावर बसून डबा उघडला. ती माझ्या शेजारी बसली, चंदनाला मांडीवर घेऊन, आणि मी शेवटचा घास संपवेपर्यंत समोर बघत राहिली.